हळदीच्या सव्वाशे पिशव्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईच्या तोंडावर आपल्या रविवारच्या पुरवणीत 'रिटर्न गिफ्ट'वर पानभर मजकूर आला होता. छोट्या, साध्या लग्नात पाहुण्यांना काय द्यावं, याची चित्रं आणि किमती त्यात होत्या. सुवासिक मेणबत्त्या, नवरा-नवरीचा फोटो छापलेली चॉकलेटं, काचेच्या बरणीतला सुकामेवा. मी तो मजकूर दोनदा वाचला. फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्या मुलीचं लग्न झालं, आणि त्याआधीचे दोन महिने आमच्या घरात याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं होतं. जेवणाचा बेत एका संध्याकाळी ठरला. साडी एका फेरीत झाली. पाहुण्यांच्या हातावर काय ठेवायचं, हे मात्र ठरता ठरेना. ते कसं ठरलं हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर कापा, पण हळदीचा भाग तेवढा ठेवा.

मी मिरजेत शिवणकाम करते. मशिनवर बसायला लागून सत्तावीस वर्षं झाली. लग्नात वाटले जाणारे ब्लाउजपीस जितके माझ्या हाताखालून गेलेत, तितके फार थोड्या जणींच्या गेले असतील. दरवर्षी जूनमध्ये, लग्नं आटोपली की बायका ते गठ्ठ्यानं घेऊन येतात. 'ताई, यातले शिवण्यासारखे कुठले, बघा.' दहातले दोन निघतात. बाकीचे नुसते हातात घेतले तरी कळतं, कापड कमी आणि खळ जास्त. एकदा पाण्यात बुडवला की खळ निघून जाते आणि हातात जाळी राहते. वर चिठ्ठी ऐंशी सेंटिमीटरची असते, टेप लावला की चौऱ्याहत्तर भरतो, कधी बहात्तर. छत्तीस इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, आणि एवढ्या लांबीत कोपरापर्यंतची बाही बसत नाही. मग बाहीला दुसऱ्या कापडाचा जोड द्यायचा. जोड दिसला की बाई तो ब्लाउज बाहेर जाताना घालत नाही, घरातच वापरते किंवा वापरतच नाही.

यातल्या एका पिसाची गोष्ट सांगते. २००७ साली एका बारशासाठी मी बाजारातून सहा पीस आणले होते. घरी येऊन मोजले तर त्यातला मोरपंखी बहात्तर भरला. दुकानात नेऊन दाखवायचा म्हणून मी त्याच्या कोपऱ्यावर बॉलपेननं ७२ लिहून ठेवलं. परत नेणं राहूनच गेलं आणि कधीतरी घाईत तो कुणाच्या तरी ओटीत गेला. तीन वर्षांनी माझ्या थोरल्या जाऊबाई जतहून एका लग्नाला जाऊन आल्या. मिळालेले पीस माझ्यासमोर टाकून म्हणाल्या, 'यातलं तुला काय उपयोगाचं असेल ते घे.' त्यात तो मोरपंखी होता. कोपऱ्यावर ७२, माझ्याच अक्षरातलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तीन वर्षं तो मिरजेतून कुठल्या कुठल्या कपाटांत राहून जतला पोचला आणि माझ्याकडं परत आला. एवढ्या फिरण्यात एकाही बाईला तो अंगावर घालावासा वाटला नाही. मी तो ठेवून दिला. त्या दिवसापासून असे पीस पुढं सरकवायचे मी बंद केले. आले की पेटीत टाकायचे.

पुरुषांचं काही वेगळं नाही. माझे यजमान २०११ साली वारले. त्यांची ट्रंक आवरताना एकतीस टोप्या निघाल्या, सगळ्या कोऱ्या. आमच्या भागात लग्नात पुरुषांना टॉवेल-टोपी द्यायची पद्धत आहे. हे आयुष्यात टोपी घालून कधी फिरले नाहीत. टॉवेलांनी माझी मशीन पुसली जाते, तेवढा त्यांचा उपयोग झाला.

सगळंच टाकाऊ असतं असं मात्र मी म्हणणार नाही. १९९४ साली माझ्या मावसबहिणीच्या लग्नात प्रत्येक घराला एक स्टीलची वाटी दिली होती, बुडावर बारीक अक्षरांत नाव आणि तारीख कोरलेली. ती वाटी आजही आमच्याकडं रोज ताटात असते. आमटी वाढताना कधीतरी नाव दिसतं आणि बहिणीला फोन लावावासा वाटतो. देणाऱ्यांनी तेव्हा विचार करून दिलं होतं.

आता त्या गोष्टीकडं येते, जिच्यामुळं हा विषय माझ्यासाठी बारीकसारीक राहिला नाही.

२०१३ साली तासगावला नात्यातलं लग्न होतं. मांडवात बायका रांगेनं बसल्या होत्या. ताट घेऊन एक जण हळदी-कुंकू लावत, हातावर पीस ठेवत पुढं पुढं येत होती. माझ्या उजवीकडच्या बाईला लावलं. मग ताट वर उचललं गेलं, माझ्या पुढून पलीकडं गेलं, आणि डावीकडं बसलेल्या माझ्या मुलीसमोर खाली आलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिला कुंकू लावलं, पीस दिला. त्या ताटवालीच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तिला ओळखते, मायाळू बाई आहे. तिच्या आईनंही तेच केलं असतं. मी खाली सतरंजीकडं बघत बसले. मुलीनं आपला पीस माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून हात धुवायच्या नळाकडं निघून गेली. ते कापड काय लायकीचं आहे, हे मला स्पर्शानंच कळत होतं. तरीसुद्धा त्या क्षणी तो पीस मला मिळायला हवा होता. इतकी वर्षं गेली, पण हे मी आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगते आहे.

त्या दिवसाबद्दल आम्ही मायलेकी कधी बोललो नाही. मुलगी शिकली, इथंच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली. जयसिंगपूरचं स्थळ तिनं स्वतः पसंत केलं, मलाही ते आवडलं. दोघांनी आधीच सांगितलं होतं की नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं, शंभर-सव्वाशे माणसांना जेवण द्यायचं, आणि कर्ज काढायचं नाही. पत्रिकेत 'आहेर आणू नये' असं छापायचं. मग पाहुण्यांना काय द्यायचं, असं मी विचारलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, 'आई, काय द्यायचं ते तू ठरव. फक्त कुणाच्या पुढून ताट उचललं जाईल असं काही नको.'

तिला सगळं आठवत होतं.

हे वाचून कुणाला वाटेल की एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. माझ्या जावयांचं गाव शिरोळ तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे गावात चालणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी मी कापून मशिनच्या खणात ठेवली आहे. ठराव ग्रामसभेत होतो. मांडवात मात्र ताट असतं, आणि ते ज्या बाईच्या हातात असतं तिला त्या वेळी कुणी काही सांगत नाही. म्हणून मला वाटलं, आपल्या लग्नात ताटच नको.

मग काय, याचा शोध सुरू झाला. माझा भाऊ शिक्षक आहे, त्यानं रोपं द्या म्हणून सुचवलं. कल्पना चांगली आहे, पण सांगलीत एका लग्नात तुळशीची रोपं दिली होती, तिथं मी होते. बसनं आलेली माणसं, कडेवर मूल, हातात पिशवी, ती रोप कुठं धरणार? हॉल रिकामा झाल्यावर खुर्च्यांखाली राहिलेली रोपं मी मोजली, तेवीस होती. काही आडवी पडून माती सांडलेली. तुळस अशी टाकून जाताना कुणाला बरं वाटलं नसणार, पण टाकून गेले. ज्यांच्याकडं अंगण आहे आणि जे आपल्या गाडीनं येतात, अशा लग्नात रोपं द्यावीत.

देवाच्या तसबिरीही कुणी सुचवल्या. त्या तर मला अजिबात नकोत. कृष्णेच्या घाटावर जा आणि बघा, पिंपळाच्या पारावर फ्रेमा रचून ठेवलेल्या असतात. घरात सात गणपती झाले की आठवा कुठं ठेवायचा? टाकता येत नाही, ठेवता येत नाही. पाहुण्याला आपण असं अडचणीत का टाकावं?

बाजारात तयार वस्तू बघितल्या. ऐंशी रुपयांच्या आत धड काही नव्हतं. सव्वाशे माणसांचे दहा हजार होत होते. त्यातही डबी एवढीशी, आणि भोवती चकचकीत पातळ प्लॅस्टिक. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लॅस्टिकवर बंदी आली, त्यात मिठाईच्या खोक्याला आणि निमंत्रणपत्रिकेला गुंडाळायचं हे प्लॅस्टिकही आहे. हे मुलीनं मला वाचून दाखवलं होतं. ज्या पिशव्या 'कापडी' म्हणून देतात, त्यांतल्या बऱ्याच न विणलेल्या प्लॅस्टिकच्याच असतात. कात्रीनं कापून बघा, सूत निघत नाही. विणलेल्या कापडाच्या कडेला सूत निघालंच पाहिजे.

आणि 'रिटर्न गिफ्ट' हा शब्द मला मनापासून खटकतो. आम्ही आहेर घेणार नव्हतो, मग परत काय करायचं? आमच्या वडिलांच्या तोंडी 'पानसुपारी' हा शब्द असायचा. ते कोल्हापूरकडचे, घरात सत्यशोधकी वळण. महात्मा फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. त्यात पानसुपारीचाच काय तो खर्च झाला, असं वडील सांगायचे. आलेल्या माणसाच्या हातावर पान ठेवायचं, त्यानं ते तिथंच तोंडात टाकायचं. घरी न्यायचं ओझं नाही, कपाटात जागा अडत नाही. सगळ्यांना तेच पान, सगळ्यांना तीच सुपारी. मला त्या जातीचं काहीतरी हवं होतं. पण आता निम्मे लोक पान खात नाहीत, सुपारी तर डॉक्टर बंद करायला सांगतात.

हळद सुचली ती माझ्या एका गिऱ्हाइकामुळं. कसबे डिग्रजकडची बाई आहे. हळद संशोधन केंद्र आहे ना, त्याच गावच्या बाजूला त्यांची शेती. दरवर्षी नवी हळद झाली की शिलाईच्या पैशांबरोबर किलोभर हळकुंडं माझ्या मशिनवर ठेवून जाते. लग्नाआधीच्या जानेवारीत ती पिशवी मी हातात घेतली आणि मनात आलं, हीच का नको? फोडणी सगळ्यांच्याच घरी होते. शंभर ग्रॅम हळद महिना-दोन महिन्यांत संपते, पाहुण्याला ती सांभाळावी लागत नाही. आणि दुसरं कारण तुम्हाला आता सांगायला नको. २०११ नंतर मांडवात मला कुणी हळद लावली नाही, पण माझ्या मसाल्याच्या डब्यात ती रोज होती. पिवळी कपाळाची आणि पिवळी डब्यातली, हळद तीच. माझ्या मुलीच्या लग्नात मी ती प्रत्येकाच्या हातावर ठेवणार, असं मी त्या दिवशीच ठरवलं.

आम्ही या हळदीच्या मुलखातली माणसं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. वर्षानुवर्षं हळद त्यांत टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बरीचशी निकामी झाली. मी लहानपणी ओल्या हळदीच्या ढिगाशेजारी बसून जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी केली आहेत. दोन दिवस बोटं पिवळी राहायची. मोठ्या काहिलीत हळद शिजवायची, बारा-पंधरा दिवस खळ्यावर वाळवायची, मग पिंपात फिरवून पॉलिश करायची. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक होते. बाहेरगावच्या पाहुण्याला यापेक्षा इथलं म्हणून दुसरं काय द्यावं, ते मला तरी माहीत नाही.

चौदा किलो हळकुंडं घेतली. गिऱ्हाईक पैसे घेईना, मी १६० रुपयांच्या भावानं जबरदस्तीनं दिले, २,२४० झाले. कांडपवाल्यानं दळणाचे ५६० घेतले. त्यानं आधी हळकुंडं डंकात फोडून घेतली आणि मगच दळली, नाहीतर जातं धरत नाही. बटर पेपर दीडशेचा, नाडी दोनशेची. एकूण ३,१५० रुपये. सव्वाशेनं भागलं तर माणशी पंचवीस रुपये आणि काही पैसे. कुणी खर्चाचा अंदाज मागितला तर तो हा.

पिशव्यांचं कापड पेटीत होतंच. उघडून मोजले तर चौसष्ट पीस निघाले. सगळे धुऊन खळ काढली. धुतल्यावर काही इतके विरळ झाले की पलीकडचं दिसत होतं. पहिली पिशवी एकेरी शिवली, हळद भरली आणि रात्री टेबलावर ठेवली. सकाळी टेबलक्लॉथवर पिवळा गोल उमटला होता. तो अजून गेलेला नाही. मग दुहेरी शिवल्या. एका पिसात बारा तुकडे बसतात, दुहेरीला दोन तुकडे लागतात, असे एकवीस पीस कामी आले. तो ७२ चा मोरपंखीसुद्धा कापला. त्याच्या सहा पिशव्या झाल्या. ज्या तुकड्यावर आकडा होता तो मी आतल्या बाजूला घेतला.

तरी हळद झिरपेल ही भीती होतीच. ती धाकट्या भाऊजींनी घालवली. तरुणपणी ते किराणा दुकानात होते. पूर्वी दुकानात साखर, जिरं, मोहरी कागदाच्या पुडीत बांधून मिळायची, ती पुडी त्यांच्या हाताला अजून येते. बटर पेपरचा चौकोन तिरका धरायचा, मधे हळद, दोन टोकं आत, उरलेलं टोक खोचून घट्ट. दोरा नाही, चिकटपट्टी नाही. उलटी करून हलवली तरी कण पडत नाही. आधी त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा कागद घेतला होता, मुलीनं हातातून काढून घेतला, छापील कागदाची शाई खाण्याच्या पदार्थाला लागते म्हणून. दोन रात्री आम्ही चौघं बसून पुड्या बांधत होतो. भाऊजी तोपर्यंत लग्नाच्या कामात कुठंच नव्हते, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या दोन रात्री सगळ्यांना शिकवताना ते जे खुललेले दिसले, तसे मी त्यांना बऱ्याच वर्षांत बघितले नव्हते.

थोरल्या जाऊबाईंचा विरोध होता, आणि तो त्यांनी तोंडावर सांगितला. 'लोकांनी दिलेले पीस कापून लोकांनाच द्यायचे? आणि मानाचं काय? मामाचा मान, व्याह्यांचा मान, आत्याचा मान, सगळ्यांच्या हातात एकच पिशवी? आचाऱ्याला पण तीच?' मी म्हटलं, 'होय जाऊबाई, आचाऱ्याला पण तीच.' त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्या ज्या घरात वाढल्या तिथं कुणाला कुठल्या प्रतीचा टॉवेल गेला यावरून लग्नात रुसवे झालेले त्यांनी बघितलेत, म्हणून त्या सांभाळून असतात. पण मला वाटतं, रुसवे होतात ते प्रती दोन असतात म्हणूनच. एक गोष्ट मात्र मी कबूल करते. माझ्या भावाला मी आदल्या दिवशी घरी बोलावून शर्टचं कापड दिलं. ह्यांच्या मागं मुलीच्या फीचे पैसे त्यानं भरलेत. ते मी मांडवात दिलं नाही, एवढंच.

विहीणबाईंना विचारणं भाग होतं. त्यांच्याकडची साठ माणसं येणार, त्यांची पद्धत वेगळी असली तर? फोन लावला तेव्हा माझा हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, 'विहीणबाई, आम्ही हळदी-कुंकवाचं ताट फिरवणार नाही. ओटी नाही, टॉवेल-टोपी नाही. आल्या माणसाला एक हळदीची पिशवी देणार. तुम्हाला चालेल का?' पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, 'आमच्या सासूबाईंना पण द्याल ना?' मी म्हटलं, 'सगळ्यांत आधी त्यांना देऊ.' त्या म्हणाल्या, 'मग काही प्रश्न नाही.' त्यांच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, नवरा जाऊन चाळीस वर्षं झालेली.

सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. महिनाभर आधी नोटीस दिलेली होती, तीन साक्षीदार होते, अर्ध्या तासात काम झालं. दुपारी गल्लीतल्या देवळाच्या सभामंडपात जेवण. पिशव्यांसाठी दुरडी दाराशी ठेवली होती. माणसं जेवून निघाली की मुलगी आणि जावई स्वतः प्रत्येकाच्या हातात एक एक देत होते. घराला एक असं केलं नाही, माणसाला एक केलं. घराला एक दिली की ती मालकाच्या किंवा मालकिणीच्या हातात जाते आणि म्हातारी सासू, घरी राहणारी आत्या रिकाम्या हातानं चालते. शेवटी आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या दोघी, मंडपवाल्याचा पोरगा, सगळ्यांना दिली. भांडी घासणारीनं पिशवी कमरेला खोचली आणि विचारलं, 'ताई, कांडून आणली का विकतची?' कांडून आणली म्हटल्यावर तिनं ती काढून पदराच्या टोकाला नीट बांधली.

मुलीच्या आजेसासूंना कबूल केल्याप्रमाणं पहिली पिशवी दिली होती. त्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी नाडी सोडली, भाऊजींची पुडी उलगडली, चिमूट बोटांत चोळली आणि नाकाशी नेली. मी जवळ उभी होते. 'यंदाचीच हाय,' म्हणाल्या. मग कळलं की त्यांचं माहेर हरिपूर. त्यांचे वडील पेवावर कामाला होते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी पेटता कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, असं त्या मला सांगत होत्या. आतून हळदीची जी वाफ यायची तिच्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणाल्या. बोटांना लागलेली हळद त्यांनी पदराला पुसली नाही. माझ्या मुलीला जवळ बोलावलं आणि त्याच बोटांनी तिच्या दोन्ही गालांना लावली. मांडवात दोन-चार बायकांच्या नजरा वळल्या, मला दिसलं. जाऊबाईंचीही वळली. कुणी काही बोललं नाही. मग आजींनी माझा हात धरला आणि उरलेली माझ्या मनगटाला पुसली.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या लग्नसराईच्या पुरवणीत मेणबत्त्या आणि बरण्यांबरोबर आपल्या भागातल्या बचत गटांची, कांडपवाल्यांचीही माहिती द्या. हळद, मेतकूट, शेवया, काकवी, बेदाणे, जिथं जे पिकतं आणि बनतं ते. सांगलीच्या बेदाण्याला मानांकन आहे, पण मी बाहेरगावच्या लग्नात बेदाण्याची पुडी वाटलेली कधी बघितली नाही. आणि लेखाबरोबर जे चित्र असतं, ताट घेऊन उभी असलेली नटलेली बाई, ते जमलं तर बदला.

ज्यांना पिशवी शिवायची आहे त्यांच्यासाठी माप देते. ऐंशीच्या पिसातून सहा इंच रुंद आणि साडेपंधरा इंच लांब असे बारा तुकडे निघतात. पीस बहात्तरचा निघाला तर लांबी चौदा धरा, पिशवी थोडी बुटकी होते पण चालते. दोन तुकडे एकावर एक ठेवून मधोमध दुमडायचे, दोन्ही बाजू शिवायच्या, तोंडाला अर्धा इंच नाडीसाठी दुमड. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आक्रसतं आणि नाडी अडकते.

जाऊबाई अजून म्हणतात की मान राहिला नाही. भाऊजींच्या मुलीचं लग्न पुढच्या मार्गशीर्षात आहे आणि माझ्या पेटीत त्रेचाळीस पीस आहेत. भाऊजींनी बटर पेपर आताच आणून ठेवला आहे.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, मिरज
(घरच्या माणसांविषयी लिहिलं आहे, म्हणून नाव छापू नये.)